पाणपोईचा माठ कोण भरतो? ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या देखभालीविषयी

जानेवारी २०२६ मध्ये ‘कर्ल’ नावाच्या एका सॉफ्टवेअर प्रकल्पाने सुरक्षेतील त्रुटी शोधून देणाऱ्यांना रोख बक्षीस देण्याची आपली योजना बंद केली. बक्षिसाच्या आशेने लोक कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्रुटींचे लांबलचक अहवाल लिहून घेत आणि स्वतः न तपासता पाठवून देत. त्यांतले बरेच अहवाल निराधार निघत, पण ते निराधार आहेत हे ठरवण्यासाठीसुद्धा कुणाला तरी ते शेवटपर्यंत वाचावे लागत, आणि वाचणारी माणसे मोजकीच होती. इंटरनेटवरून माहिती आणणे आणि पाठवणे एवढेच कर्लचे काम आहे. मात्र फोन, टीव्ही, मोटारी, राउटर अशा अब्जावधी उपकरणांत ते बसलेले आहे.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील आमचे शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, ही बातमी मोबाइलवर वाचून संध्याकाळी माझ्याकडे आले. “बक्षीस बंद केलं, ते समजलं,” ते म्हणाले, “पण अब्जावधी यंत्रांत बसलेली वस्तू आणि तिच्यामागे चार माणसं, हे काऊन? कंपनी कोणाची आहे ही?”

कंपनी कोणाचीच नाही, हे उत्तर त्यांना पटायला तास-दीड तास लागला. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला देखभाल म्हणजे काय हे मुळातून ठाऊक असल्यामुळे त्यांचे प्रश्न नेमके होते. पुढील लेखात बहुतेक ठिकाणी तेच प्रश्न मी वापरले आहेत.

मसाल्याचे प्रमाण सांगणारे भोजनालय

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो त्याला ‘सोर्स कोड’ म्हणतात, आणि त्यावरून यंत्राला कळेल असे तयार सॉफ्टवेअर बनते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती फक्त तयार वस्तू येते. सावजी भोजनालयात रस्सा ताटात येतो, मसाल्याचे प्रमाण मात्र येत नाही, तसाच हा प्रकार आहे. ओपन सोर्समध्ये प्रमाणही जाहीर केलेले असते, आणि ते कोणीही वाचावे, बदलावे, स्वतःच्या धंद्यात वापरावे, इतरांना द्यावे, अशी लेखी परवानगी सोबत जोडलेली असते. या परवानगीला ‘लायसन्स’ म्हणतात. त्यात शेवटी जवळजवळ नेहमीच एक कलम असते की ही वस्तू ‘जशी आहे तशी’ दिली आहे आणि तिच्या वापराने काही बिघडल्यास लिहिणारा जबाबदार नाही. हे कलम फारसे कोणी वाचत नाही.

जो माणूस या कोडची राखण करतो, आलेल्या तक्रारी वाचतो, दुरुस्त्या तपासून आत घेतो आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करतो, त्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. या लेखाचा विषय तो माणूस आहे.

ओपन सोर्स आपल्यापासून दूर कुठेतरी आहे, असा समज असल्यास तो काढून टाकावा. आपण हा मजकूर अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे योग्य जागी बसवण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर करत आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील एखाद्या प्रकरणाची पुढची तारीख आपण मोबाइलवर पाहता तेव्हा तिच्यामागची प्रणाली एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने ओपन सोर्सच्या पायावरच उभी केलेली आहे.

काकांना मी पाणपोईचे उदाहरण दिले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा चौकाचौकांत पाणपोया लागतात. पाणी फुकट असते, पेल्याला साखळी असते आणि माठाभोवती ओले फडके गुंडाळलेले असते. पिणाऱ्याला फक्त पाणी दिसते. सकाळी सहाला माठ घासून कोणी भरला, दुपारी दोनला तो रिकामा झाल्यावर पुन्हा कोणी भरला आणि फुटलेला पेला कोणी बदलला, हे विचारण्याचे पिणाऱ्याला कारणच नसते. पाणपोई सुरू करण्याचे पुण्य एका दिवसाचे असते, ती चालवणे मात्र अख्ख्या उन्हाळ्याचे काम असते. ओपन सोर्सचा उन्हाळा तर वर्षानुवर्षे संपत नाही.

“एकदा लिहिले की झाले ना? कोडला काय गंज चढतो?”

कोडला गंज चढत नाही, हे खरे आहे. त्याच्याभोवतीचे जग मात्र सरकत राहते. जगातील कोणत्या प्रदेशात घड्याळ कधी पुढे-मागे होते याची एक नोंदवही ओपन सोर्स पद्धतीने सांभाळली जाते आणि जवळजवळ सगळे फोन व संगणक तिच्यावर चालतात. भारताला एकच प्रमाणवेळ असल्याने आपल्याला तिची जाणीव होत नाही. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ लागू होण्यास अवघे काही दिवस उरले असताना ती रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली. देशातील काही संस्थांनी ते मानले नाही, म्हणून एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या आणि थोड्याच दिवसांत सरकारने निर्णय फिरवला. नोंदवही सांभाळणाऱ्यांना त्या एका आठवड्यात दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या: एक बदल करणारी आणि दुसरी तो बदल रद्द करणारी. कोडमध्ये काहीही चुकलेले नव्हते.

काका म्हणाले, कालवा बांधला तो पाच वर्षांत, गाळ काढत बसलो तीस वर्षे. याहून चांगली उपमा मला सुचलेली नाही.

वऱ्हाड की वर्हाड?

आता थोडे स्वतःविषयी. मी नोकरीच्या कामाबाहेर एक अगदी लहान ओपन सोर्स प्रकल्प नऊ वर्षांपासून सांभाळतो. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला जात असे आणि त्या फॉन्टशिवाय उघडला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत. जुना मजकूर या नव्या पद्धतीत बदलून देणे एवढेच माझ्या प्रकल्पाचे काम आहे. पहिली आवृत्ती मी एका दिवाळीच्या सुट्टीत लिहिली आणि ती चारशे ओळींची होती.

एका रात्री साडेअकराला निरोप आला: “तुमचे सॉफ्टवेअर चुकीचे आहे. सकाळी अकराच्या आत दुरुस्त करून द्या, फाइल सादर करायची आहे.” कोणती चूक, कोणता फॉन्ट, कोणती फाइल, यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. चार वेळा विचारल्यावर कळले की त्यांच्या कागदपत्रांत ‘वऱ्हाड’ या शब्दाचे ‘वर्हाड’ झाले होते.

मराठी वाचकाला हा फरक सांगायला नको. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यास’ मजुरी, एवढा तो मोठा आहे. संगणकाच्या आत मात्र गुंता असा आहे की डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा तो अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त येतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोध घेताना मात्र संगणक त्यांना दोन वेगळे शब्द मानतो आणि यादीत डोळ्यांसमोर असलेले ‘कऱ्हाडे’ आडनाव ‘सापडले नाही’ असे सांगतो.

कोणत्या जुन्या अक्षराचे कोणते नवे अक्षर करायचे, या माझ्या कोष्टकातील चूक वीस मिनिटांत दुरुस्त झाली असती. खरा प्रश्न होता तो दोन रीतींपैकी कोणती निवडावी हा. पहिली रीत जास्त स्वच्छ आहे, म्हणून मी ती निवडली आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. चौथ्या दिवशी एका वेगळ्या गावाहून पत्र आले. त्यांच्याकडे याच सॉफ्टवेअरने बदललेल्या हजारो नोंदी होत्या आणि काही शब्दांसाठी माझे जुने कोष्टक दुसरी रीत वापरत असल्यामुळे आता त्यांच्या नव्या आणि जुन्या नोंदी एकमेकींशी जुळेनात. माझी दुरुस्ती बरोबर होती आणि तिनेच त्यांचे नुकसान केले होते. शेवटी वापरणाऱ्याने रीत निवडावी अशी सोय करावी लागली. त्यामुळे कोड वाढला, तपासण्या दुप्पट झाल्या आणि माहितीपत्रकात एक पान भरले. ते पान फारसे कोणी वाचत नसावे, कारण तोच प्रश्न महिन्यातून दोनदा येतो.

वापरणारे जसे वाढतात तशी प्रत्येक लहान बदलाची किंमत वाढत जाते, कारण तुमच्या चुकांवरसुद्धा कोणी ना कोणी आपली घडी बसवलेली असते. माझे वापरकर्ते काही शेकड्यांत असतील. अब्जावधी उपकरणांवर बसलेल्या वस्तूत एक ओळ बदलताना काय वाटत असेल, याचा मला अंदाज करता येत नाही.

“मग मदतीला लोक येत नाहीत का?”

येतात, आणि त्यांतले काही फार मोलाचे असतात. पण मदत स्वीकारणे हेही काम आहे, ही गोष्ट बाहेरून दिसत नाही.

बाहेरचा माणूस कोडमध्ये बदल करून ‘हा घ्या’ असा प्रस्ताव पाठवतो, त्याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. समजा, कोणी तीनशे ओळींची नवी सोय लिहून पाठवली. लिहिणाऱ्याने एक शनिवार घालवला. मेंटेनरला त्या ओळी वाचायच्या आहेत, त्या दुसरे काही मोडत नाहीत ना हे पाहायचे आहे आणि पुढची दहा वर्षे, मूळ लेखक निघून गेल्यावरही, त्यांचे प्रश्न सोडवायचे आहेत. दानात मिळालेल्या गाईला चारा घालायचा असतो. म्हणून चांगल्या मेंटेनरचा बराच वेळ नम्रपणे ‘नाही’ म्हणण्यात जातो, आणि समोरच्याने स्वतःच्या वेळातून, प्रेमाने केलेल्या कामाला नाही म्हणणे फार जड जाते. निदान मला ते अजून नीट जमलेले नाही.

एसक्यूलाइट नावाचा माहिती साठवण्याचा एक प्रकल्प जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्याच्या मूठभर कर्त्यांनी यावर सरळ उपाय केला आहे: कोड सर्वांसाठी पूर्णपणे खुला, पण बाहेरून आलेला कोड सहसा आत घेतला जात नाही. हे ऐकायला उद्धट वाटते, पण मला त्यात स्वतःच्या मर्यादेची प्रामाणिक कबुली दिसते.

मदतीच्या नावाखाली उपद्रवही होतो. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट केल्यास टी-शर्ट मिळत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये टी-शर्टसाठी इतक्या निरर्थक प्रस्तावांचा पूर आला, की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली तेवढेच उपक्रमात धरले जाऊ लागले. कोणी माहितीपत्रकात ‘अमेझिंग’ हा शब्द घालून पाठवत होते, कोणी एक स्वल्पविराम. आमच्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही बायोडेटावर ‘ओपन सोर्स योगदान’ दाखवण्याची घाई असते आणि त्यांना दोष देववत नाही, कारण नोकरी देणारे तेच विचारतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न अवघड केला आहे. लिहिण्याचे कष्ट जवळजवळ शून्यावर आले, वाचण्याचे जसेच्या तसे राहिले. पूर्वी निदान निरर्थक पत्र चार ओळींचे असे, आता ते चार पानांचे, शीर्षकांसह आणि अत्यंत सभ्य भाषेत येते. कर्लची बक्षीस योजना बंद झाली ती याच हिशेबामुळे.

“पण कोड खुला असतो, म्हणजे हजारो डोळे पाहत असतीलच की”

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे: खुल्या कोडमधील चूक कोणालाही शोधता येते. मात्र शोधता येणे आणि कोणीतरी खरोखर शोधत बसणे यांत अंतर आहे. चौकातल्या पाणपोईचे पाणी शेकडो लोक पितात, म्हणून त्यांतल्या एकाने तरी माठात वाकून पाहिले असेल, असे म्हणता येत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी उघड झाली. संकेतस्थळाशी होणारी आपली देवाणघेवाण कोणी वाचू नये म्हणून ती कुलूपबंद करणारे ‘ओपनएसएसएल’ हे सॉफ्टवेअर जगभरातील सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळे चालवणारे संगणक, वापरत होते. त्या कुलपातच अशी फट होती की दूरवरचा माणूस सर्व्हरच्या स्मरणातील पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या ओढून घेऊ शकत होता. ती फट मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन वर्षे, सर्वांच्या डोळ्यांदेखत होती. चौकशी केल्यावर लोकांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि त्यावर पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. हजारो डोळे होते, पण सगळे पडद्याच्या अलीकडे.

थकलेल्या माणसाला लावलेला सुरुंग

हार्टब्लीड ही नकळत झालेली चूक होती. दहा वर्षांनी जे घडले ते मला अधिक भयंकर वाटते, कारण त्यात हल्लेखोराने आधी कोड पाहिला नाही, माणूस पाहिला.

‘एक्सझेड’ हे फाइलींचा आकार लहान करणारे एक छोटे सॉफ्टवेअर आहे. बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात तिच्यात ते सर्वत्र असते. ते एकच माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास जिया टॅन हे नाव वापरणाऱ्या कोणीतरी तिथे मदत सुरू केली, आणि ती मदत चांगली होती. २०२२ मध्ये इतर काही नावांनी तक्रारी येऊ लागल्या: दुरुस्त्या इतक्या हळू का येतात, प्रकल्प मरत चालला आहे, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. मेंटेनरने उत्तरात सांगितले की आपली मानसिक प्रकृती बरेच दिवस ठीक नाही आणि हे काम आपण छंद म्हणून, विनामोबदला करतो. तरीही टोचणी चालूच राहिली. अखेर त्याने तेच केले जे कोणताही थकलेला माणूस करील: जो मनापासून मदत करत होता त्याच्या हाती हळूहळू किल्ल्या दिल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या ‘मदतनिसा’ने प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत एक चोरदरवाजा होता. चाचणीसाठी ठेवलेल्या, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत तो दडवला होता आणि त्यातून लिनक्स सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याच्या मुख्य दारालाच भगदाड पडत होते. तो सापडला तो केवळ एका माणसाच्या चिकाटीमुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच सॉफ्टवेअरची गती मोजत होते, आणि सर्व्हरवर लॉगिन होण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा ती आवृत्ती मुख्यतः लिनक्सच्या चाचणीसाठी काढलेल्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती. जिया टॅन कोण होता, किंवा किती जण होते, हे आजही समोर आलेले नाही. तक्रारी करणारी ती इतर नावेही त्याच कटाचा भाग असावीत, असे मानले जाते. त्यांतले एक नाव भारतीय वाटावे असे होते, ही बाब मला विशेष खटकली.

काकांनी इथे बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाले, “म्हणजे चौकीदाराला आधी जागवून जागवून दमवलं.”

“पैसे दिले की प्रश्न मिटेल ना?”

अर्धा मिटेल, आणि तेवढा तरी मिटवायला हवा. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधी उभारला आणि ओपनएसएसएलला पूर्ण वेळ माणसे मिळाली. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र निधी सुरू केला. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला, ज्यातून ओपन सोर्स प्रकल्पांना दरवर्षी १० लाख डॉलर द्यायचे आहेत. कर्लचे मूळ कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनाही २०१९ पासून कर्लवरच काम करण्याचा पगार मिळतो. त्याआधीची वीस वर्षे त्यांनी ते नोकरी सांभाळून केले.

पण पैशाचे काम तेवढ्याने संपत नाही. माझ्यासारख्याला कोणी वर्षाला पन्नास हजार रुपये दिले तर नोकरी सोडता येणार नाही, उलट रात्री साडेअकराच्या निरोपाला उत्तर देण्याचे बंधन मात्र येईल. आणि पैसे जातात ते नाव झालेल्या प्रकल्पांकडे. एक्सझेडसारखी वस्तू बातमीत येईपर्यंत तिला कोणी ओळखत नव्हते. कंपन्यांनी आपल्या पगारी माणसांना आठवड्याचा एक दिवस, आपण ज्यावर अवलंबून आहोत अशा प्रकल्पांत काम करू द्यावे, हा उपाय मला धनादेशापेक्षा उपयोगी वाटतो, कारण तुटवडा आहे तो कोड समजून वाचणाऱ्या माणसांचा.

“सरकारने का करू नये?” हेही काकांनी विचारले, साहजिकच. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि न्यायालयांसारख्या ठिकाणी ओपन सोर्समुळे मोठी बचतही झाली. त्या बचतीतला लहानसा वाटा मूळ प्रकल्पांच्या देखभालीकडे नियमाने वळवावा, असे माझे मत आहे. कालवा वापरणाऱ्याने पाणीपट्टी भरावी, एवढीच ही मागणी आहे.

“त्यापेक्षा विकतचे घेतलेले काय वाईट?”

विकतच्या सॉफ्टवेअरच्या आतही बहुधा हेच असते. डिसेंबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअरच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या ‘लॉग४जे’ या ओपन सोर्स घटकात अत्यंत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा धावाधाव झाली ती मुख्यतः मोठ्या, पैसे घेणाऱ्या कंपन्यांत, कारण त्यांच्या उत्पादनांत तो घटक खोलवर बसलेला होता. दुरुस्ती करायला बसले होते ते बहुतांशी स्वयंसेवकच. पाणपोईवर बाटल्या भरून त्या विकणाऱ्याकडून पाणी घेतले, तर माठ कोण भरतो हा प्रश्न एक पायरी मागे सरकतो, एवढेच.

किल्ली कोणाला द्यावी?

एक्सझेडनंतर प्रत्येक लहान मेंटेनरपुढे हा पेच आहे. एकट्याने ओढत राहिलो तर कधीतरी दमून सोडावे लागेल, आणि भार वाटून घ्यायचा तर ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यावर विश्वास ठेवावा लागेल.

गेल्या हिवाळ्यात माझ्या प्रकल्पात एका विद्यार्थ्याने लागोपाठ तीन दुरुस्त्या पाठवल्या. तिन्ही लहान, तिन्ही अचूक, आणि प्रत्येकीसोबत चाचणीसाठी नमुना मजकूर. मग त्याने विचारले, मी सहमेंटेनर होऊ का? दोन वर्षांपूर्वी मी आनंदाने हो म्हटले असते. या वेळी मी विचारले, तू राहतोस कुठे. तो नागपूरचाच निघाला. रविवारी सकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खायला ये, असे मी कळवले.

तो आला, पाठीवर लॅपटॉप घेऊन. तुला हे काम कशाला हवे, असे विचारल्यावर म्हणाला, “सर, खरं सांगू? रिझ्युमेसाठी.” मग थोड्या वेळाने, पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री घेताना, त्याने सांगितले की त्याची आई कोर्टाबाहेर टायपिंगचे काम करते, तिच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचा ढीग आहे, आणि ‘वर्हाड’ तिच्याच कागदांत पहिल्यांदा दिसले होते.

मी त्याला बदल आत घेण्याचा अधिकार दिला. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची किल्ली दिली नाही, ती सहा महिन्यांनी पाहू असे ठरले. तोवर आमच्यापैकी एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जाणार नाही, हा नियम मलाही लागू. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला आणि आईच्या फाइलींतून काढलेल्या शब्दांची यादी चाचणीला लावली: कऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, दऱ्या आणि दर्या. पहिले चार पार झाले. पाचव्याला, जिथे खरोखरच समुद्र हवा होता तिथे, आमचे सॉफ्टवेअर ‘दऱ्या’ दाखवत होते. मागे जाऊन पाहिले तेव्हा कळले, की ही चूक गेल्याच महिन्यात मी स्वतः केलेल्या दुरुस्तीने आत आली होती.